काटे नसलेली चकली

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या सासूबाईंनी जाहीर केलं, की यंदा चकली होणार नाही. त्यांचा पितळी सोऱ्या त्यांच्याबरोबर साताऱ्याहून लखनऊला आला होता, पण चकलीच्या चकतीतली चांदणी इतकी झिजली होती, की चकलीला धड काटेच येईनात. ऑनलाइन मागवलेली चकती त्या जुन्या सोऱ्यात बसेना. निशातगंजच्या भांडेवाल्याने शेवेची चकती पुढे करून "अम्मा जी, इसी से बना लीजिए, कौन देखता है," म्हटल्यावर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जणू ते दुकान माझ्या माहेरचं होतं.

खरी भानगड वेगळीच होती. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला आल्या खऱ्या, पण त्यांचा जीव रमत नव्हता. नातवाला मराठीत काहीही विचारा, तो "हाँ आजी, अभी आया" म्हणून पसार. दिवाळी झाली की साताऱ्याला जाऊन एकटी राहीन, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं होतं. मला त्या जायला नको होत्या. पण असं तोंडावर बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. आम्ही फार तर चहा टाकू का, एवढं विचारतो. म्हणून मी म्हटलं, "आई, चकती मी करून आणते."

मी इंजिनिअर आहे. आमच्या कारखान्यात रेल्वेचे सुटे भाग बनतात आणि हल्ली तिथे सगळं नवलाईचं आहे. वस्तू स्कॅनरसमोर धरली की तिचा आकार पडद्यावर येतो. झीज ओळखून मूळ आकार सुचवणारं एआयचं सॉफ्टवेअर आहे. मशीन तर स्वतःची तब्येत माझ्या मोबाइलवर कळवतं. घरातलं कुणी मला एवढं कळवत नाही. साहेबांना विचारून मी जुनी चकती स्कॅन केली, मशीनला पितळेचा तुकडा लावला आणि संध्याकाळी आरशासारखी चकचकीत चकती ऐटीत घरी नेली.

सासूबाईंनी पीठ भरून सोऱ्या फिरवला. खाली गुळगुळीत, गोल, निर्विकार दोरी पडली.

झालं होतं असं, की सॉफ्टवेअरने झिजलेल्या चांदणीकडे पाहून ठरवलं, हे भोक मुळात गोल असणार, कडा खराब झाल्यात. त्याने त्या दुरुस्त केल्या आणि मी न बघता होकार दिला. हात दाखवून अवलक्षण! शेजारच्या भाभीजींनी एक खाऊन "वाह, अम्मा जी, मोटे सेव!" म्हणत दुसरी उचलली. सासूबाईंचा चेहरा पाहवेना.

"ह्यापेक्षा मी साताऱ्याला गेलेली बरी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच कारखान्यात नेलं. डिझाइनवाल्या भैयांच्या शेजारी खुर्ची टाकून बसवलं. त्या पडद्यावर बोट ठेवून एकेक काटा आखून घेऊ लागल्या. सॉफ्टवेअर दर काट्याला लाल इशारा देई. भैया अदबीने म्हणाले, "अम्मा जी, ये कह रहा है इतना तीखा कोना ठीक नहीं, पुर्ज़ा यहीं से चटक सकता है."

"उसको बोलो, चकली खाने की है, रेल को नहीं लगाने की!"

भैयांनी हसत इशारे बंद केले. ह्या वेळी चकतीला असे काटे आले, की पहिली चकली तेलात पडताच सासूबाई स्वतःशीच गुणगुणायला लागल्या. मला वाटलं, जिंकले. कढईपाशी उभी राहून मी फुशारकी मारली, "आई, आता चिंता नाही. डिझाइन कॉम्प्युटरमध्ये राहिलं. कधीही, कितीही चकत्या काढता येतील."

"बरं झालं," त्या झाऱ्याने चकली उलटत म्हणाल्या. "एक इथे ठेव. एक मी साताऱ्याला नेईन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते तेलाच्या धुरावर ढकलणंही जमेना. "आई, तुम्ही जाऊ नका ना. तुम्ही नसलात की मला घर खायला उठेल."

त्यांनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

"अगं, मग हे एवढंच सांगायचंस की," त्या म्हणाल्या. "त्यासाठी सगळा कारखाना कामाला लावलास होय?"