ते नाक त्याने कमावलं होतं

वंदनाचा फोन आला तेव्हा मी भात लावला होता, सवयीने तिघांचा. "बाबा, डॅरन गेला," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये खुर्चीवर बसून राहिलो. पोटाचा कॅन्सर. माझी बायको गेली तेव्हा रडलो, पण ते मानलं. जावई सासऱ्याच्या आधी जातो हे मात्र मी मानत नाही. आजही नाही. दीड महिना झाला, भेटायला येणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द... बिचारा. तो शब्द मला सहन होत नाही म्हणून लिहायला बसलोय. मी सातवी शिकलेला वेल्डर, जुरोंग आयलंडवर पाईप जोडण्यात जन्म गेला. लिहिण्यातलं मला कळत नाही. डॅरन कोण होता ते कळतं.

तो ऑस्ट्रेलियातल्या कोळशाच्या खाणीच्या गावचा. रग्बी लीग हा तिकडचा खेळ, एका बाजूला तेरा माणसं, आणि हा त्यात पुढच्या फळीचा फॉरवर्ड. पगार घेऊन खेळायचा, म्हणजे नोकरीच ती. वंदना तिकडे फिजिओथेरपी शिकली आणि त्याच्याच क्लबात कामाला लागली. मॅचआधी त्याच्या बोटांना, खांद्याला, कानांना पट्ट्या बांधायच्या, मॅचनंतर सोडायच्या. त्यातूनच जमलं. लग्न इथे सिंगापुरात झालं. बायको ओवाळायला तबक घेऊन दारात उभी राहिली आणि बघतच राहिली. नाक दोन ठिकाणी वळलेलं, कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. "अगं वंदे, याला कोणी मारलं गं?" "आई, रोजचं आहे ते." "रोज मारतात?" मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. वंदनाला सख्खा भाऊ नाही, पुण्याहून माझा पुतण्या नितीन आला होता. कान त्याच्या चिमटीत येईना! खेळात डोक्यांवर घासून घासून आतून दगड झालेला. नितीनला घाम फुटला, दोन्ही हात लावले, आणि डॅरन पाटावर बसून ओरडतोय, "कम ऑन ब्रदर, एवढंच? जोर लाव!" भटजी हसता हसता पुढचं विसरले.

पुढे मी त्याच्या मॅच टीव्हीवर बघायला लागलो. मला कळेना, समोर भिंतीसारखी तीन माणसं उभी आणि हा बॉल छातीशी धरून नेमका त्यांच्यावरच धावतो. ते त्याला आपटतात, हा उठतो, टाचेने बॉल मागच्याला देतो, आणि थोड्या वेळाने परत तेच. एकदा विचारलं, "अरे, बाजूने का नाही जात? डोळे आहेत ना तुला?" तो म्हणाला, "बाबा, बाजूने पळणारे वेगळे. मी समोर गेलो की तीन जण माझ्यात गुंततात. मग त्या पळणाऱ्यांना वाट मोकळी होते." स्कोअर करणारे ते, फोटो त्यांचे. इतक्या वर्षांत याचा स्कोअर हाताच्या बोटांवर मोजावा एवढाच. एका क्लबाने मधेच काढून टाकलं, वर्षभर लहान संघात खेळला, परत वर आला. खांदा निखळला, बसवला, परत गेला. शेवटी खांदाच उचलेना तेव्हा थांबला आणि इथे येऊन शाळेत पोरांना खेळ शिकवू लागला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बँकवाल्याने मला विचारलं, "जावई नक्की काय करायचे हो?" मी म्हटलं, "मार खायचा. पगार घेऊन." तो हसला. मी हसलो नाही. माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिला खाटेवरून खुर्चीत हाच ठेवायचा. मला म्हणायचा, "बाबा, पाठीतून नाही, पायांतून उचला." तिला त्याच्या हातात कधी भीती वाटली नाही. मी उचलायला गेलो की ओरडायची, "तुम्ही नको, त्याला बोलवा!"

तर अंत्यविधीवाल्यांच्या हॉलमध्ये काय झालं ते सांगतो. तिथला चिनी माणूस नम्र होता. वंदनाने त्याला डॅरनचा जुना फोटो दिलेला, क्लबात जायच्या आधीचा. सरळ नाक, कोवळे कान. तो इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावत मला म्हणाला, "अंकल, सेम असाच करून देतो. मेण भरलं की झालं लाह." मी म्हटलं, काही करायचं नाही. वंदना चवताळली. "बाबा, तुम्ही टीव्हीवर बघितलंत. कण्हताना मी ऐकलंय त्याला. आणि आता आजाराने काय उरलंय त्याचं? एकदा तरी नीट दिसू दे!"

"नीट म्हणजे कसा? ते नाक त्याने कमावलंय."

"मला नकोय ती कमाई!"

माझा आवाज चढला. मेलेल्या माणसासमोर चढला, चढू दे. म्हटलं, "त्या कानांना पट्ट्या कोणी बांधल्या? तूच ना? या फोटोतला पोरगा तुला भेटलेला नाही, मला भेटलेला नाही. मग अग्नी कोणाला देतेस तू?"

तिने त्या माणसाच्या हातातून फोटो काढून घेतला आणि म्हणाली, "फक्त दाढी करा. आणि पावडर नको, त्याला शिंका येतात."

लोक आले. मंडळाच्या एक बाई कुजबुजल्या, "बिचाऱ्याचा चेहरा काय झाला हो, आजाराने?" मी मोठ्याने सांगितलं, "आजाराने नाही. नोकरीने." त्याच्या संघातला एक जण विमानाने आला होता, दाराएवढा माणूस, नाक तसंच वाकडं. त्याने पेटीत वाकून डॅरनच्या कानावरून अंगठा फिरवला आणि हुंदका देत हसला. म्हणाला, "हा कान माझ्या डोक्यामुळे असा झालाय." वंदना त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

हॉलमध्ये हार घालायला डॅरनचा फोटो तिने स्वतः निवडला, माझ्याशी बोललीसुद्धा नाही. आता तो घरात टेबलावर आहे. मॅच संपल्यावरचा. एक डोळा सुजून बंद, नाकात कापूस, पुढचे दोन दात गायब, केसांत चिखल, आणि तोंडभर हसतोय. हरले होते ती मॅच. गेल्या रविवारी सेरंगूनहून ओळखीचं जोडपं भेटायला आलं. नमस्कार करायला वाकलेली ती बाई दचकली, आणि हळूच म्हणाली, "वंदना, अगं दुसरा चांगला फोटो नाही का त्यांचा?"

"हाच चांगला आहे," वंदना म्हणाली, आणि पदराच्या टोकाने काच पुसून फोटो जरा त्यांच्याकडे वळवून ठेवला.