कारण आठवेना

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांइतकं स्पष्ट लिहिणारा माणूस मी वर्तमानपत्राच्या कचेरीतही पाहिला नाही. ते गुडगावच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहीत. प्रोग्रॅममधलं फंक्शन म्हणजे एक छोटा कामगार. त्याला काही द्यायचं, तो काम करून काही परत देतो. अशा प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर ते चार ओळी लिहीत: काय घेतो, काय देतो, केव्हा नाही म्हणतो. ही सवय फरीदाबादच्या घरीही आली होती. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी होती: ‘घेते: कोरडा चमचा. ओला दिल्यास: बुरशी.’ गीझरवर होती, गच्चीच्या कुलपावर होती. वहिनी म्हणायच्या, “अहो, माझ्यावरही एक चिकटवा. सकाळी चहा मिळाला नाही तर मी काय परत करते, कळू दे लोकांना.” ते विचारात पडत. मनात मसुदा चालू असावा.

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा अडचण निघाली. पार्सल कोणत्या तारखेला पोचेल ते सांगणारं एक फंक्शन त्यांनीच, ही सवय लागण्याआधी, लिहिलं होतं. काही गावांसाठी ते एक दिवस जास्त धरी. का, ते त्यांना आठवेना. कारण न लिहिता गेलो तर कुणीतरी चूक समजून तो दिवस काढून टाकणार आणि त्या गावांतली माणसं उगाच दारात वाट बघत बसणार, ही त्यांची चिंता.

हाताखालची मुलगी म्हणाली, “सर, छोड़िए न. चल तो रहा है.”

“चल रहा है, बेटा. क्यों चल रहा है, यह कौन लिखेगा?”

त्या आठवड्यात ते मेट्रोच्या खिडकीतून धुक्यातलं कोवळं ऊन बघत दोन स्टेशनं पुढे जात. रविवारी आम्ही काही मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर गेलो. सगळे माना खाली घालून उभे असताना ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “त्या पार्सलवाल्या गावांकडे तेव्हा नदीवर पूल नसेल का हो?”

शेवटच्या दिवशी त्यांनी त्या फंक्शनवर लिहिलं ते इंग्रजीत होतं. मराठीत असं: ‘इथे एक दिवस जास्त धरला आहे. काढू नये. कारण लिहिणाऱ्याला आठवत नाही. कुणाला सापडल्यास ही ओळ पुसून ते लिहावं.’

ती मुलगी अधूनमधून फोन करते. ओळ अजून तशीच आहे, म्हणते. “अच्छा,” एवढंच म्हणून ते फोन ठेवतात आणि बाल्कनीत जाऊन पुन्हा कारण आठवू लागतात.