देवदाराची साल

विमलताई जोशी गोडा मसाला घरी कुटत, पण त्यात दगडफूल घालत नसत. “दिवसभर ज्याला भिंगाखाली बघते, त्याला खायचं कसं?” म्हणत. आमच्या विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात त्या खडकांवर नि झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या दगडफुलांचं काम बघत आणि मी त्यांची मदतनीस. राहायला इकडे उत्तरेत, रामघाटावर, त्यामुळे मराठीत हिंदी मिसळलेली. कुणी घाई केली की म्हणायच्या, “जल्दी कसली आहे? दगडफूल बघ, त्याला कधी जल्दी असते?”

तरुणपणी सोनभद्रचे डोंगर हिंडून, छिन्नी-हातोडीने खडकांवरून त्यांनी शेकडो नमुने आणले होते. विभागप्रमुख फाटक सरांनी त्या नमुन्यांच्या कागदी पुड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, गोळा करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि जुन्या चिठ्ठ्या जाळल्या. पुरावा उरला नाही. ताई कुणाकडे तक्रारीला गेल्या नाहीत. सरांनी स्वतः आणलेली एकेक पुडी उघडून तपासत राहिल्या. वर्षानुवर्षं.

सर निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर एक दिवस ताईंनी मला भिंगापाशी बोलावलं. भिंगाखाली, सोनभद्रात सापडली म्हणून सरांनी गाजवलेली दगडफुलाची जात होती. त्यांची सगळी कीर्ती तिच्यावर उभी.

“दगडफुलाच्या खाली बघ. साल कसली?”

“देवदाराची.”

“आता सोनभद्रात देवदार दाखव मला.”

हे नमुने सरांनी हिमालयातून आणून सोनभद्रचे म्हणून नोंदवले होते. ताईंनी लेख लिहायला घेतला.

सरांना कुणकुण लागली. ऐंशीच्या घरातला माणूस धापा टाकत ताईंच्या घरी आला. मी तिथेच होते.

“विमल, लेख थांबव. चिठ्ठ्या बदललेले ते नमुने तुझे होते, असं मी लिहून देतो.”

ताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. “चिठ्ठ्या जाळल्यात तेव्हा लिहायचं होतंत, सर.”

“मग माझ्यामागे छाप. माझे थोडे दिवस राहिलेत.”

“म्हणूनच आता छापते. तुम्हाला वाचता आलं पाहिजे.”

लेख आला. ती जात इथल्या यादीतून वगळली गेली, सरांचा ठरलेला सत्कार रद्द झाला. सरांनी लेख वाचल्याची खात्री ताईंनी त्यांच्या मुलीला फोन करून केली. पुढच्या थंडीत सर गेले. ताई भेटायला गेल्या नाहीत.

एकदा मी भीत भीत म्हटलं, “लिहून घेतलं असतंत, तर तुमचं नाव परत मिळालं असतं.”

“ठाऊक आहे. पण मग त्यांना माफ करावं लागलं असतं.”

गेल्या वर्षी ताईही गेल्या. सोनभद्रच्या पुड्या आता मी सांभाळते. परवा एक संशोधक मुलगी आली. इतक्या मेहनतीने नमुने कुणी गोळा केले, तिला प्रबंधात आभार मानायचे होते. मी नाव सांगितलं. फाटक. चिठ्ठीवर तेच आहे.