मोहवालीनं पास केलेली खोली

मला राग पटकन येतो. आता वयानं तो थोडा मंदावला आहे, पण तेविसाव्या वर्षी तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा. त्या वर्षी माझ्या रागानं एका बिचाऱ्या ठेकेदाराला महिनाभर नाचवलं, आणि शेवटी तोंडावर मीच आपटले. माझ्या आयुष्यातली ही बहुधा सगळ्यात उपयोगी फजिती.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी चंद्रपूरची, जुन्या शहराच्या कोटाच्या आत वाढलेली, आणि मार्कंड्यापासून दोनेक कोसांवरच्या एका गावात बालवाडीची बाई म्हणून लागले होते. पहिलं वर्ष आमची बालवाडी एका चिंचेखाली भरायची. चिंचेखाली पोरं छान शिकतात, फक्त कावळे मधे मधे बोलतात. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आम्हाला खोली मिळाली. कौलारू छप्पर, दोन खिडक्या, नव्या भिंती, आणि खालच्या अर्ध्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट. पोरांनी पहिल्या दिवशी त्या भिंतीला गाल लावून पाहिले, इतकी ती गुळगुळीत होती.

त्या खोलीत माझ्या मालकीची एक गोष्ट होती, कपाट. नोकरी लागल्याबद्दल बाबांनी मला सोन्याचं काही केलं नाही, खोली मिळाल्याचं कळताच खेळणी ठेवायला कपाट घेऊन दिलं. चंद्रपूरच्या दुकानातलं, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, वर चकचकीत सागवानी रंगाचा कागद चिकटवलेला. ते एसटीच्या टपावर बांधून आलं. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर खिडकीतून डोकं बाहेर काढून "बाई, तुमचं कपाट हाये अजून" असं सांगायचा. फाट्यावरून गावात ते बैलगाडीतून आलं तेव्हा मागे निम्मं गाव होतं. मला त्या कपाटाचा किती अभिमान होता म्हणून सांगू.

आमच्या सव्वीस पोरांत चार वर्षांची एक मुलगी होती. आवाज सगळ्यांत मोठा. कविता म्हणायला लागली की तळ्यावरच्या बायका हात थांबवून ऐकायच्या. घरी ती आणि तिची आई, दोघीच. दिवसभर ती बालवाडीत राहिली तरच आई धान कापायला जाऊ शकायची, नाहीतर नाही. थंडीत तिची छाती जराशी वाजायची, पण तेवढंच.

नव्या खोलीत आठवडा झाला आणि पोरं डोळे चोळायला लागली. सकाळी गारठा असायचा म्हणून खिडक्या बंद ठेवायचो. दार उघडलं की घशात काहीतरी चरचरायचं. मोठी पोरं खोकून मोकळी व्हायची, पण या पोरीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. दुपारी सगळी चटयांवर झोपली की ही उठून बसायची, खांदे वर करून श्वास ओढायची. मला ते बघवायचं नाही. एके दिवशी तिची आई विळा कमरेला खोचूनच आली.

"बाई, घरी बरी राह्यते थे. तुमच्या नव्या खोलीतच तिचा जीव घाबरते. उद्यापासून नाई पाठवत."

"मंग कापणीले कशी जाशीन?"

"नाई जात," ती म्हणाली. त्या दोन शब्दांत तिच्या घरातला पुढच्या वर्षाचा तांदूळ होता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी कसंबसं तिला थांबवलं. पोरीची चटई उंबऱ्याबाहेर टाकली. ती तिथे शाल गुंडाळून बसायची आणि आत मी प्रश्न विचारला की बाहेरून सगळ्यात आधी उत्तर ओरडायची. पण थंडी वाढत चालली होती. असं किती दिवस चालणार?

दोष कुणाचा, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. हिरवा ऑइलपेंट. ठेकेदार तालुक्याचा, गोलमटोल, हसरा, तोंडात सदा सुपारी. खोली वापरायला योग्य आहे अशा कागदावर त्याला माझी सही हवी होती. मी सही अडवून धरली.

"भाऊ, तुमच्या रंगानं माझी पोरं खोकून राह्यली."

"असं कसं, बाई? कागद हाये ना रंगाचा!" त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. रंग उत्तम आहे, निर्धोक आहे, असं त्यावर छापलं होतं.

"कोनं देल्ला हा कागद?"

"कंपनीनं."

"रंग कंपनीचा, आन चांगला म्हणनारी बी कंपनीच? नवरदेव कसा हाये थे नवरदेवाच्या मायले इचारून राह्यले का तुमी?"

जमलेल्या बायका हसल्या. तोही हसला, पण मुद्दा त्यानं सोडला नाही. "मी सांगतलं त तुमी मानत नाई. मंग तुमी सांगतलं त मी काऊन मानू? तुमी त माह्यावर आधीच तापून हा."

मग असं ठरलं, की तिसरं माणूस बघावं, ज्यानं ना त्याचा चहा प्यायला ना माझा. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या गावात असं माणूस सापडेना. सरपंचाकडे ठेकेदार उतरायचा. पोस्टमन आम्हा दोघांकडे रोज प्यायचा, वर माझ्याकडे साखर कमी असते अशी तक्रार करायचा. गुरुजी, शिंपी, पिठाची चक्की चालवणारा, सगळे कुणाच्या ना कुणाच्या कपाला बांधलेले. शेवटी त्या पोरीची आईच म्हणाली, "मोहवालीले बलवा ना."

मोहवाली म्हणजे नदीपलीकडच्या गावची एक म्हातारी. आठवडी बाजारात ती वाळलेली मोहफुलं विकत घ्यायची. फुलं वरून चांगली दिसतात, पण आतून दमट असली की महिन्याभरात कुजतात. विकणारी म्हणते चांगली, घेणारा म्हणतो खराब. असं भांडण लागलं की दोघं मोहवालीकडे जायचे. ती ओंजळभर फुलं नाकाशी धरायची आणि जे सांगायची ते दोघं मुकाट्यानं मानायचे. त्यासाठी तिनं एक नियम पाळला होता. बाजाराच्या दिवशी ती कुणाचा चहा घ्यायची नाही, पान खायची नाही. पाणी स्वतःच्या तुंब्यातलं, भात स्वतःच्या शिदोरीतला.

मी बाजारात तिला गाठलं आणि पोरं, खोकला, ठेकेदार, रंग असं सगळं धडाधडा सांगायला लागले. तिनं आपला सुरकुतलेला हात सरळ माझ्या तोंडावर ठेवला.

"सांगू नोको, पोरी. तू सांगशीन थोच वास येईन मंग मले."

आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं थोडी, त्यांतली ती एक.

पुढच्या आठवड्यात बाजारानंतर ती यायची ठरली. मी खोली सकाळपासून बंद ठेवायला सांगून कामासाठी तालुक्याला गेले, आणि तिथेच चुकले. गावच्या बायकांनी विचार केला, एवढी मानाची बाई येणार, आणि खोली तशीच? त्यांनी दार उघडलं, अख्खं अंगण शेणानं सारवलं, उंबऱ्यावर रांगोळी घातली, आणि पाहुणीला प्रसन्न वाटावं म्हणून आत चांगली दोन पळ्या धूप जाळला. मी परतले तेव्हा खिडकीतून धूर निघत होता आणि बायका कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं, पण त्यांचे शेणानं भरलेले हात बघून हसूच फुटलं.

मोहवालीनं उंबऱ्यावरून आत नाक घातलं, डोळे फिरवून खोली न्याहाळली आणि मागे वळली. "इथी त मले देवच देव दिसते. आता आठ दिस काई समजत नाई."

चहा आणला, तोही तिनं घेतला नाही. बायका हिरमुसल्या. रागावली का काय, अशी कुजबुज सुरू झाली. ती मात्र जाता जाता आम्हाला काम लावून गेली. मोहफुलं दमट आहेत का हे नाकालाही नक्की कळेना, तर ती मूठभर फुलं मडक्यात घालून, तोंड बांधून दिवसभर उन्हात ठेवायची. आत लपलेला वास उन्हानं बाहेर येतो. तसंच आपण करू, म्हणाली.

"खोलीत जे जे नवं हाये, त्याचा एकेक तुकडा मडक्यात घाला. आन एक मडकं रिकामं ठेवा. मडक्याचाच वास असला त?"

मी लगेच मोजलं. भिंतीचं प्लास्टर, आणि रंग. रंगासाठी खिडकीची उरलेली, त्याच हिरव्या रंगानं रंगवलेली पट्टी होती. ठेकेदार म्हणाला, बरोबर.

"आन थे कपाट?" मोहवालीनं विचारलं.

"थे माह्यं हाये," मी म्हणाले. "माह्या बाबानं देल्लं."

"कोनाचं हाये थे नाई इचारलं. नवं का जुनं?"

नवं होतं. मी तोंड वाकडं करून कपाटातली एक लहान फळी काढून दिली. माझं असणं हाच त्या कपाटाचा दाखला, असं मला खरोखर वाटत होतं. आज आठवलं की कान गरम होतात.

पुढच्या बाजाराच्या दिवशी चार कोरी मडकी अंगणात ओळीनं मांडली गेली. कशात काय ते फक्त पोरीच्या आईला ठाऊक. त्या दिवसाची मजुरी बुडवून ती मडक्यांजवळ राखण बसली होती. ठेकेदार आणि मी दोघं चिंचेखाली पाठ करून बसलो होतो, नापास होऊ घातलेल्या पोरांसारखे. ऊन कलायच्या आधी मोहवाली आली. तिनं तुंब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, पदरानं नाक पुसलं, डोळे मिटले. आम्ही वळून बसलो. आईनं पहिल्या मडक्याचं फडकं सोडलं.

"माती. हे रिकामं."

दुसरं. "चुनखडी, शिमिट. काई नाई होत यानं."

तिसऱ्याशी ती जास्त वेळ थांबली. मी ठेकेदाराकडे बघितलं, त्याच्या तोंडातली सुपारी थांबली होती. "रंग हाये हा. होता, पन वाळला. खिडक्या उघड्या ठेवा, राह्यला तोबी जाईन."

चौथं फडकं सुटलं आणि तिनं मान अशी झटक्यात मागे घेतली, की तुंबा कलंडला. डोळ्यांतून पाणी आलं. तिनं हातानंच मडक्याचं तोंड दाबलं.

"हे नाई. हे लेकरायच्या खोलीत नोको."

आईनं मडक्यात हात घालून तुकडा बाहेर काढला. माझी फळी, भुसा चिकटवणाऱ्या रसायनाचा उग्र वास सोडणारी. तिच्या कडेला दुकानाची सोनेरी चिठ्ठी होती, 'उत्तम दर्जाची हमी'. इतके दिवस मी ती चिठ्ठी रोज पुसत होते. ती कुणी दिली, हे मात्र एकदाही मनात आलं नव्हतं. बाबा रविवारी विहारातून आले की आम्हा भावंडांना बजावायचे, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या. आणि कपाट घेताना त्यांनी विचारलं कुणाला? दुकानदाराला. मी तर तेवढंही विचारलं नाही.

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. महिनाभर त्या माणसाला मी भर गावात फाडून खाल्लं होतं, आणि ती पोर माझ्याच हातानं मांडलेल्या वस्तूनं गुदमरत होती. आता हा ठेकेदार हसणार आणि त्याला तो हक्कच आहे, म्हणून मी तयार होऊन बसले. तो उठला, सुपारी थुंकून आला आणि म्हणाला, "बाई, एका बाजूनं मी धरतो. जड असन."

मी त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर, नीट शब्दांत. असल्या कामाची मला सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा मोठाच झाला. मग आम्ही दोघांनी ते कपाट उचलून लांब गोठ्यामागच्या उघड्या मांडवात नेऊन ठेवलं. खेळणी बांबूच्या टोपल्यांत गेली. त्याच्या कागदावर मी सही केली आणि खाली मोहवालीचा अंगठा घेतला. तालुक्याच्या साहेबांनी नंतर विचारलं, हा अंगठा कुणाचा? मी म्हणाले, साहेब, खोली यांनी पास केली आहे, मी नुसती साक्षीदार.

बाबांना सगळं पत्रानं कळवलं. ते दुखावतील अशी भीती होती. त्यांचं पोस्टकार्ड आलं, त्यावर दोनच ओळी. पोरगी आत झोपली का ते आधी कळव. कपाटाचं पुढे बघू.

ते कळवायला मी चार दिवस थांबले. खिडक्या चारही दिवस सताड उघड्या ठेवल्या, पोरं कुडकुडली तर आणखी एक गाणं म्हणून घेतलं. पाचव्या दिवशी पोरीची आई तिला उंबऱ्यापर्यंत घेऊन आली. पोर बाहेरच थांबली. इतक्या दिवसांत तिला उंबऱ्याची सवय झाली होती. मी हात पुढे केला तर तिनं आधी खोल श्वास घेऊन बघितला, अगदी मोहवालीसारखी मान वर करून, आणि मग उडी मारून आत आली. दुपारी सगळी झोपली. तीही झोपली, तोंड उघडं ठेवून, कुशीवर वळून. मी तिच्याजवळ बसून कान देत होते. शिट्टी नव्हती. खिडकीतून दूरवर धानाच्या बांधीत वाकलेल्या बायकांची रांग दिसत होती आणि तिची आई त्या रांगेत होती. खोलीत आता कसलाही वास नव्हता, तरी माझ्या डोळ्यांचं पाणी काही थांबेना.