हिरडीतली काच आणि ग्रेटाची मिरवणूक

हिरडीत काच भरून बाराच दिवस झाले असताना मी भाचीच्या लग्नात ट्रम्पेट फुंकलं. फुंकू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मला ऐकू आलं होतं आणि समजलंही होतं. (तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, न समजल्याचं सोंगही घेता येत नाही!)

माझा वरचा पुढचा दात हलू लागला होता. बाकीचे एकतीस सोडून नेमका तोच, ज्याच्यावर ट्रम्पेटचं तोंड टेकतं! वसईजवळच्या आमच्या होळी गावात सात जणांचा बँड आहे, त्यात मी चाळीस वर्षं फुंकतोय. दात गेला तर ट्रम्पेट गेलं, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

"दाताखालचं हाड झिजलंय," डॉक्टरबाई एक्स-रे दाखवत म्हणाल्या. "तिथे काच भरून बघू."

माझी बायको सिसिल खुर्चीतून उठलीच. "डॉक्टर, घरात ग्लास फुटला तर मी खोली दोनदा झाडते. आणि तुम्ही काच ह्याच्या तोंडात भरणार?"

"ही वेगळी काच आहे. हळूहळू विरघळते, कॅल्शियम सोडते, आणि तिच्या आधाराने नवीन हाड वाढतं. शरीर तिला परकं समजत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. बाहेरून आलेल्या काचेला माझं हाड आपलं म्हणणार होतं. (सिसिलचा भाऊ वीस वर्षं आमच्याकडे येतोय, त्याच्या बाबतीत मला अजून हे जमलेलं नाही.)

डॉक्टरबाईंनी पांढरे बारीक कण माझ्याच रक्तात कालवले, ओल्या रेतीसारखा गोळा हिरडीत बसवला आणि टाके घातले. "कण हलता कामा नयेत. सहा आठवडे जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, फुंकणं नाही."

"फुंकणं म्हणजे..."

"मेणबत्तीसुद्धा नाही!"

आणि बाराव्या दिवशी ग्रेटाचं लग्न! ग्रेटा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचे वडील ती तान्ही असतानाच गेले. जरा मोठी झाल्यापासून तिचा एकच हट्ट, "मामा, माझ्या लग्नात देवळापर्यंत मला तू वाजवत न्यायचं." (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) पोरीला नाही कसं म्हणणार? आणि हो म्हणून दात कसा वाचवणार?

तोड काढली इनासने. तो बँडचा म्होरक्या, दुसरं ट्रम्पेट त्याचंच. "तू नुसतं तोंडाशी धर. बोटं हलव, भुवया वर कर. सूर मी काढतो."

मिरवणूक निघाली. मी बोटं हलवली, भुवया उडवल्या. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला नवरी दिसली! एरवी माझे दोन्ही डोळे ट्रम्पेटच्या टोकावर खिळलेले असतात. ग्रेटा चालताना अगदी तिच्या वडिलांसारखी डावा खांदा पुढे काढते, हे मला त्या दिवशी कळलं. बहीण मागून डोळे पुसत येत होती.

पहिलं गाणं संपताच शेजारच्या रेमेतमावशी ओरडल्या, "बावतीस, आज काय वाजवतोयस रे! एक सूर घसरला नाही!"

दुसऱ्या गाण्यानंतर नवरदेवाच्या काकांनी येऊन हात मिळवला. "मास्तर, कमाल!"

माझ्याशिवाय माझं वाजवणं इतकं सुधारावं? अपमान गिळत होतो, तेवढ्यात देवळाच्या पायरीवर ग्रेटा वळली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याने घात केला. तिला लहानपणी दिलेला एक शब्द, आणि मी नुसत्या भुवया उडवतोय!

म्हटलं, एकच ओळ. हळूच.

ट्रम्पेट हळूच वाजत नाही. पाचूबंदरला बंद पडलेल्या होडीचं इंजिन खोकत सुरू व्हावं, तसा आवाज निघाला. टाका सुटला, तोंडात रक्त आणि रेती. गर्दीतून सिसिलचा आवाज, "थुंकू नकोस! थुंकायलाही बंदी आहे!"

देवळातली अख्खी मिस्सा, म्हणजे लग्नाची प्रार्थना, मी ओठ मिटून काढली. फादरना वाटलं, मामा गहिवरलाय.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी हिरडी तपासली. "थोडे कण गेले, बरेचसे टिकलेत. काय केलंत?"

"मेणबत्ती जरा मोठी होती."

त्यांनी पुन्हा टाके घातले. पुढे मी इतका गप्प राहिलो की सिसिलने दोनदा ताप बघितला. काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये काळ्या पोकळीच्या जागी पांढुरकी छटा दिसली. हाड धरत होतं. "वाजवा आता, बेताने," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याच रविवारी बहिणीकडे सगळे लग्नाचा व्हिडिओ बघायला जमलो. ट्रम्पेट मी सोबत नेलंच होतं. आधी ग्रेटाजवळ कबुली दिली, की पहिली दोन गाणी माझी नव्हती.

"ते मला तेव्हाच कळलं, मामा," ती म्हणाली. "तो खोकल्यासारखा सूर आला ना, तेव्हा वाटलं, आता तू वाजवतोयस."

मी ट्रम्पेट पेटीतून काढलं, ओठांना लावलं, श्वास घेतला.

आमचं बोलणं रेमेतमावशींपर्यंत पोचलं नव्हतं, त्या पडद्यासमोर बसल्या होत्या. तिकडे पडद्यावर माझं इंजिन खोकलं. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे वळल्या.

"बावतीस, पहिल्या दोन गाण्यांना जे करत होतास ना, तेच कर बाबा!"