वन्संनी काढलेल्या चुका

माझ्या नणंदेनं जन्मभर चुका काढल्या आणि त्याचा पगार घेतला. आपल्यासारख्या बायका हे काम घरात फुकट करतात, पण वन्सं शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, टाका सुटलेला दिसला की लाल खडूची फुली मारायची आणि माल परत. निवृत्त झाल्या तेव्हा मालकानं घड्याळ दिलं. ते मागे चालतंय, हे त्यांनी तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं.

त्यानंतर फुल्या मारायला उरले मी एकटी. मी तरी किती पुरणार? घड्या वाकड्या, चहा फिका. एकदा तर म्हणाल्या, "वहिनी, तुमची शिंकसुद्धा अर्धवटच असते."

अशात आमच्या इमारतीच्या खालच्या सभागृहात दर रविवारी मोठ्या मुलामुलींसाठी फुकट चित्रांचा वर्ग सुरू झाला. माझी नात जायला लागली, तर मी वन्संना तिच्या सोबतीला धाडलं. नातीला सोबत नको होती. पण मला रविवारची झोप हवी होती.

वन्सं तिथं अशा रमल्या की शनिवारीच चपला पुसून ठेवायच्या. वर्गात मात्र एकेकाच्या पाठीशी जाऊन उभ्या राहायच्या. "या घोड्याला गुडघे दिले नाहीत का रे?" "हे सफरचंद होय? मला वाटलं, कुणाचा गाल सुजलाय."

पोरं गळायला लागली. नात एक दिवस तणतणत घरी आली. "आजी, सगळे म्हणतात, एक तर आत्याआजी येईल, नाही तर आम्ही!"

वन्सं दारातच उभ्या होत्या. चपला काढून सरळ आत गेल्या. त्या संध्याकाळी चहालाही नाव ठेवलं नाही, तेव्हा मी ओळखलं, शब्द लागलाय.

रविवारी मी स्वतः वन्संना घेऊन खाली गेले. चित्र शिकवणारी बाई म्हणजे कोपरापर्यंत रंगलेली पोरगीच. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "यांना घालवू नकोस गं बाई. हा वर्ग सोडला तर त्यांना जायला दुसरी जागा नाही."

ती विचार करून म्हणाली, "समोर बसवून चित्र काढायला माणूस हवंच आहे. पण बसणाऱ्यानं हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही."

"हे जमलं तर आमचं घरही तुझे उपकार विसरणार नाही," मी म्हटलं.

वन्सं खिडकीपाशी स्टुलावर बसल्या. पोरं गोल करून काढायला लागली. एकानं नको तिथं खोडरबर चालवलं, तेव्हा वन्संचे ओठ असे थरथरले की मला वाटलं, झाकण उडतंय आता. पण गिळलं हो बाईनं.

झाल्यावर त्या उठल्या आणि एकेक चित्र उजेडात धरायला लागल्या. पोरांनी माना खाली घातल्या.

"नाक जाड. हा कान कुणाचा? मान कुठं ठेवलीस?" मग आवाज बारीक होत गेला. प्रत्येक चित्रात कपाळाला तीच आठी, आणि घाण वास आल्यासारखं तेच तोंड.

"एकमेकांचं बघून काढलंत का रे?"

"नाही गं आत्याआजी," नात म्हणाली. "लांब लांब बसलो होतो की."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "वहिनी, एका शर्टाची कॉलर वाकडी असली तर चूक शिवणाऱ्याची. सगळ्याच शर्टांची वाकडी असली तर?"

त्यांच्या हाताखाली मीही शिकलेच आहे. म्हटलं, "मग शिवणाऱ्याचा काय दोष? ज्या पुठ्ठ्यावरून कापड कापलं, त्या फर्म्यातच चूक."

वन्सं पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. "माल पास. फर्मा दुरुस्त करते. काढा परत."

आणि हसायला लागल्या. सवय नाही, त्यामुळे आधी दाढ दुखल्यासारखं दिसलं. नात फिस्सकन हसली, मग सगळी पोरं, मग वन्संना खरंच हसू फुटलं आणि वरची कवळी सटकली.

"हे नका काढू रे मेल्यांनो!" तोंडावर हात धरून ओरडल्या.

एकीनं तेच काढलं.

आता रविवारी पोरंच जिन्यातून हाका मारतात, "आत्याआजी, चला, स्टूल वाट बघतंय!" कवळीचं चित्र मी दर्शनी भिंतीवर लावलंय. वन्संनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. चित्रात काही सापडलं नाही.

"वहिनी," म्हणाल्या, "खिळा वाकडा ठोकलात."