घरातल्या घरात बदली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मीनाक्षीने चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमधलं सामान काढायला घेतलं. काळ्या पेट्या व्हरांड्यात ओढलेल्या बघून शेजारच्या कांगड्याच्या भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोस्टिंग आ गई क्या, बहनजी?"

"नहीं भाभी. सफाई चल रही है."

"इतनी सफाई तो हम बेटी की शादी में भी नहीं करते," भाभी म्हणाल्या आणि पेटीवर बसून गप्पा मारायच्या बेताने इकडेतिकडे बघू लागल्या. मीनाक्षीने त्यांना बसा म्हटलं नाही. आतल्या खोलीत तिची मुलगी पूर्वी होती. ती दिसली असती तर पुढचा प्रश्न आला असता.

मीनाक्षी कोरेगावकडची. सुभेदार अशोकरावांशी लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षांत तिने सात घरं लावली होती. कुठल्याही स्टेशनला गेलं की तिचा क्रम ठरलेला. आधी देव मांडायचे, मग नव्या गॅसवर दूध उतू घालवायचं, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक चिकटवायचं. उठायचं किती वाजता, जेवायचं किती वाजता, टीव्ही किती वेळ. जुन्या गावात लागलेली वाईट सवय जुन्या गावातच ठेवून यायची, हा तिचा नियम. अशोकरावांची तंबाखू सुटली ती झाशीला आल्यावर. लेकीचं अंगठा चोखणं जोधपूरच्या पहिल्या आठवड्यात बंद झालं. दर दोन-अडीच वर्षांनी देव आपल्याला पाटी कोरी करून देतो, असं तिला मनापासून वाटायचं. गावाकडच्या जावा म्हणायच्या, कसं गं राहतेस असं उठून उठून. ती म्हणायची, उलट बरं.

या वर्षी मार्चमध्ये पोस्टिंग आलं, पण एकट्या अशोकरावांचं. वर डोंगरात, जिथे कुटुंब नेता येत नाही. क्वार्टर दोन वर्षांसाठी मायलेकींकडे राहिलं.

आणि पूर्वी शाळेत जाईना.

सुरुवात जानेवारीत झाली होती. आधी पोट दुखायचं. मग डोकं. मग दुखणं सांगायचंही तिने सोडलं, नुसती पांघरुणात पडून राहायची. परीक्षेला जेमतेम बसली, शाळेने वर घातली. एप्रिलमध्ये नववीत चार दिवस गेली आणि पाचव्या दिवशी उठलीच नाही. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या. त्यांनी मीनाक्षीला बोलावून, पाण्याचा पेला पुढे ठेवून सांगितलं, की उन्हाळ्याची सुट्टी संपून एक जुलैला शाळा उघडेल. तेव्हापासून मुलगी नियमित आली तर ठीक, नाहीतर नाव काढावं लागेल. नववीला बोर्डाची नोंदणी असते, हजेरी दाखवावी लागते.

मीनाक्षीने देवापुढे बसून खूप विचार केला. आपल्या हातात काय आहे? बदली नाही. मग बदली घरातच करायची.

म्हणून पेट्या निघाल्या. चार दिवस लागले. लेकीची खोली पुढे आणली, जिच्या खिडकीतून डोंगर दिसतात. पडदे बदलले. कपाटं रिकामी करून पुन्हा लावली. देव पूर्वेच्या भिंतीला नेले. दूध उतू घालवलं. दारामागे नवा कागद चिकटवला: साडेपाचला उठणं, भिजवलेले बदाम, उन्हं चढायच्या आत रस्त्याच्या टोकापर्यंत फिरणं, आठला नाश्ता, दोन तास अभ्यास, दुपारी मोबाइल मम्मीकडे, संध्याकाळी दिवा लागला की रामरक्षा, साडेनऊला झोप.

तिला वाटलं होतं, पोरगी भांडेल. पूर्वी भांडली नाही. साडेपाचला हाक मारली की उठायची. बदाम खायची. बहाव्याचा पिवळा सडा पडलेल्या रस्त्यावरून आईच्या बरोबरीने चालायची. रामरक्षा तिला निम्मी येत होती, उरलेली पंधरा दिवसांत पाठ झाली. थालीपीठ केलं तर दोन खायची. गालावर जरा रंग आला. मीनाक्षीने देवाला साखर ठेवली.

रविवारी अशोकरावांचा फोन लागला.

"अहो, उठते आता. हाक मारली की उठते."

"मी म्हणत नव्हतो? शिस्त लागते पोरांना. मी असतो तर जानेवारीतच उठवली असती."

"जानेवारीत तुम्ही इथंच होता."

मग ते म्हणाले, "दे तिच्याकडे."

पूर्वीने फोन घेतला. "हाँ पापा. ठीक हूँ. हाँ, जाऊँगी. पक्का." आणि फोन परत दिला.

एक जुलैला सगळं कागदावर लिहिल्यासारखं झालं. पूर्वीने आंघोळ केली, गणवेश घातला, वेणीची रिबन स्वतः बांधली. देवाला नमस्कार केला. मीनाक्षीच्या पाया पडली. दोघी पावणेसातला बसथांब्यावर गेल्या. बस आली. बाकीची मुलं चढली. दारातला कंडक्टर म्हणाला, "आ जाओ बेटा." पूर्वी उभी होती.

"जा ना पूर्वी," मीनाक्षी हळूच म्हणाली.

"हाँ," पूर्वी म्हणाली, आणि हलली नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. कंडक्टरने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. बसमधली एक मुलगी वाकून बघायला लागली. मग दार बंद झालं.

परत येताना मीनाक्षी गप्पच राहणार होती. पण राहवलं नाही.

"मग हे पंधरा दिवस काय केलंस तू? उठलीस, फिरलीस, खाल्लंस, सगळं केलंस की."

"वो तो तुम्हारे लिए किया, मम्मी."

"माझ्यासाठी?"

"तुमने इतनी मेहनत की थी. पेटियाँ-विटियाँ." ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत चालत होती. "मुझे लगा, शायद हो जाएगा."

"शाळेत कुणी त्रास देतं का? खरं सांग. मी येते, बोलते."

"कोई कुछ नहीं करता. बात ही नहीं करते." आणि मग, अर्ध्या मराठीत, लहानपणी बोलायची तशी: "तू बोली थी ना, मार्चपर्यंत दम धर. मैंने धरा."

मीनाक्षी रस्त्यातच थांबली.

ते तिनेच सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये लेक सांगत आली होती, की ज्या तिघींबरोबर ती डबा खायची त्यांनी तिला सोडलंय, ती एकटी बसते. मीनाक्षी पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, मार्चपर्यंत दम धर, पपांची बदली येईल, मग कोण कुणाला ओळखतंय. हेच ती जोधपूरला म्हणाली होती. त्याच्या आधी झाशीला म्हणाली होती, पोरगी पहिलीत होती तेव्हा. भांडलीस? मिटवायची काय गरज, आपण जाणारच आहोत. मैत्रीण रुसली? रुसू दे. बाई रागावल्या? दोन वर्षं काढायची. कुणाशी तुटलं तर पुन्हा कसं जोडायचं, हे पोरीला शिकवायची वेळच तिने येऊ दिली नव्हती. तिला स्वतःलाही ते कुठे येत होतं? सात गावांतल्या एका तरी बाईशी तिचं आज बोलणं होतं का? कांगड्याच्या भाभी दीड वर्ष शेजारी होत्या, आणि त्यांचं नाव तिला माहीत नव्हतं.

"फिर पोस्टिंग आई तो सिर्फ़ पापा की आई," पूर्वी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. वेळापत्रकातली ओळ वाचावी तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीने तिला स्कूटरवर शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. ती उतरली आणि फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी स्कूटरवर बसलीच नाही. चौथ्या दिवशी मीनाक्षीने हाक मारली नाही. दारामागचा कागद मात्र तिने काढला नाही. काढला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर लीना म्हणून मानसोपचाराच्या एक मराठी बाई होत्या. कुणाच्या ओळखीने भेट मिळाली. त्यांनी पूर्वीशी तासभर बोलून मीनाक्षीला आत घेतलं. "तुम्ही दर आठवड्याला आणा तिला. घाई करू नका. वेळ लागेल."

"किती?"

"ते नाही सांगता यायचं, ताई."

मीनाक्षीला तारीख हवी होती. तारीख सांगितली असती तर तिने दिवस काढले असते. दिवस काढणं तिला जमत होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतून नाव काढल्याचं पत्र आलं. मीनाक्षी एकटीच दाखला आणायला गेली. ऑफिसातला म्हातारा बाबू चष्मा सावरत फॉर्म भरत होता. छावणीतली मुलं वर्षभर येत-जात असतात, त्याचा हात चालूच होता. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात त्याने न विचारताच लिहिलं: पिता का तबादला. वडिलांची बदली.

"कहाँ हुआ जी?" त्याने सहज विचारलं.

मीनाक्षीने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर त्या टेबलाशी उभं राहून जानेवारीपासूनचं सगळं सांगावं लागलं असतं. मागे दोन पालक उभे होते. ती म्हणाली, "ऊपर. पहाड़ में." आणि त्याने दाखवलं तिथे सही केली. सही नीट आली नाही, बाबूने पुन्हा करायला लावली.

घरी आली तेव्हा भरदुपार होती. पूर्वी डोंगराच्या खिडकीला पाठ करून पलंगावर पडली होती. मीनाक्षीने दाखला तिच्या शेजारी ठेवला. पूर्वीने तो उचलून वरपासून खालपर्यंत वाचला.

"तबादला," ती म्हणाली. "तो अब कहाँ जाना है, मम्मी?"

"कुठंच नाही गं."

पूर्वीने मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. कागदाची घडी घालून तिने तो आईच्या हातात दिला आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मीनाक्षी तो हातात धरून पलंगाच्या कडेवर बसली. देवाचं काही म्हणावं असं तिच्या मनात आलं. रामरक्षेची पहिली ओळ तिने सुरू केली, पण पुढची आठवेना. तिने परत पहिली म्हटली. पोरीने भिंतीकडे तोंड करूनच, बारीक आवाजात, दुसरी ओळ सांगितली आणि मग तीही थांबली.